शिवलेल्या पानांच्या गावाला

साताऱ्याहून नागपूरची गाडी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत माझ्याच नव्या रहस्यकादंबरीची प्रत होती आणि मनात जळफळाट. जळफळाट एका इंग्रज लेखिकेवर. बाई कधीच्याच वारल्या, तरी त्यांच्या हेरकथा लोक अजून अधाशासारख्या वाचतात. नाव घेत नाही. आधीच फार लोक घेतात. मी जिवंत आहे, मराठीत लिहिते, आणि माझी पुस्तकं प्रकाशकाच्या गोदामात धूळ खात पडली आहेत.

त्यात सुमनचा फोन आला. सुमन माझी कॉलेजातली मैत्रीण, उमरेडच्या विणकरांच्या घरातली, आता नागपुरात नंदनवनला राहते. दर रविवारी ती नरखेड तालुक्यात दिरांच्या संत्र्याच्या बागेत जाते आणि त्याच इंग्रज बाईंची पुस्तकं तिथल्या मंडळींना मराठीत सांगते. शेवटचं प्रकरण मात्र आधीच सुईदोऱ्यानं शिवून टाकते, स्वतःसुद्धा न वाचता. खुनी कोण यावर सगळ्यांचं मनसोक्त भांडून झालं की मगच दोरा कापायचा. हे ऐकल्यापासून मला एकच ध्यास लागला होता, माझी कादंबरी तशी शिवली गेली पाहिजे. माझ्या गोष्टीतला खुनी आजवर एकाही वाचकाला ओळखता आलेला नाही, हा माझा मोठा अभिमान.

स्टेशनवर सुमन उभीच होती. "किती वाळली वं तू!" म्हणत तिनं मला सरळ पोह्यांच्या गाडीवर नेलं. पोह्यांवर तर्री (हरभऱ्याचा लालभडक रस्सा) आणि वरून सांबार (म्हणजे आपली कोथिंबीर). पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं आणि तर्री साडीवर सांडली. त्याचाही राग मी त्या बाईंवरच काढला.

संध्याकाळी दोरा आणायला आम्ही इतवारीच्या बाजारात गेलो. हातगाड्या आणि टेम्पोंमधून अंग चोरत एका दुकानात पोचलो. दुकानदारानं विचारलं, "कोणत्या कपड्यासाठी पाहिजे, ताई?"

"पुस्तकासाठी," सुमन म्हणाली.

"फाटलं का?"

"नाही जी. कोणी मधेच उघडू नये म्हणून."

त्यानं आमच्याकडे जरा काळजीनं पाहिलं. सुमन नेहमीचा पांढरा दोरा घेत होती. मी माझ्या कादंबरीसाठी हट्टानं नारिंगी रीळ घेतलं. त्या बाईंपेक्षा माझं काहीतरी उठून दिसावं, एवढीच इच्छा.

रविवारी सकाळी एसटी पकडली. खिडकीबाहेर कपाशी, मग विहिरी, मग संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. बागेत चाललेलं पुस्तक सुमन मला सांगत होती: इंग्लंडमधलं एक खेडं, फुलांचं प्रदर्शन, आणि तिथे चहा पिता पिता विष बाधून गेलेली एक श्रीमंत म्हातारी. पुढच्या बाकावरच्या बाई वळल्या. "कोणाच्या घरी झालं बाप्पा हे?"

"इथे नाही, इंग्लंडात," सुमननं सांगितलं.

"कोणी केलं?"

"साऱ्याईवर संशय आहे. पुतण्या, डॉक्टर, शेजारीण, चर्चमधला बाजेवाला."

"आपल्या गावासारखंच हाय मंग," म्हणून त्यांनी पुढचं सगळं कान देऊन ऐकलं. ही बया इथेही पोचली! मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

बागेत आंबियाची (थंडीत तोडायला येणारी) संत्री लगडली होती. सुमनचे दीर वसंतराव यांनी झाडाखाली सतरंजी टाकली होती. सात-आठ जण जमले होते. शेजारच्या मळ्यातल्या पंचफुलाबाई आल्या त्या बसायच्या आधीच डॉक्टरच्या बाजूनं भांडू लागल्या. मला हेवा वाटला. माझ्या पुस्तकावरून कधी कोणी एवढं भांडलं नाही.

गंमत अशी, की हे पुस्तक मी कॉलेजात वाचलेलं होतं. खुनी मला माहीत होता. बाकी सगळं विसरले होते, पण नाव पक्कं आठवत होतं. सगळे रंगात आलेले पाहून माझ्यानं राहवेना. मी मुद्दाम, अगदी रंगाचा बेरंग करायलाच, म्हणाले, "चर्चमधला बाजा वाजवणारा. तोच खुनी."

मग वसंतरावांनी आदरानं विचारलं, "काहून ताई?"

मला काहूनचं, म्हणजे 'का'चं, उत्तर येईना. "असं वाटतं," एवढंच पुटपुटले.

"असं तर मले माझ्या साळ्याबद्दल बी वाटते," ते म्हणाले, आणि सगळे हसून पुन्हा भांडायला लागले. खऱ्या उत्तराला कोणी विचारलंसुद्धा नाही.

बऱ्याच वेळानं पंचफुलाबाई सोललेलं संत्रं हातात धरून थांबल्या. "सुमनताई, तो बाजेवाला रोज तीन चमचे साखर घेते म्हणे. अन् त्या दिवशी फिका, बिनसाखरेचा चहा काहून पेला? विष साखरेत होतं. त्याले माहीत होतं."

सतरंजीवर एकदम गलका झाला. सुमननं दोरा कापला, वाचलं, आणि तेच निघालं. पंचफुलाबाई अशा काही हसल्या, की मला त्या बाईंचा आणि यांचा मिळून दुप्पट मत्सर वाटला. नाव तर मीच आधी सांगितलं होतं!

मग सुमननं माझी कादंबरी मांडीवर घेतली आणि सुईत नारिंगी दोरा ओवला. "कुठून शिवू वं? माणसं बाहेर राहिली पाहिजेत, पुरावे बाहेर राहिले पाहिजेत. फक्त उत्तर आत."

मी पानं उलटू लागले. शेवटून तिसऱ्या पानावर माझा खुनी आला. अजून मागे गेले. त्याआधी तो नव्हताच. ना त्याचा चहा, ना त्याची साखर. शिवण कुठेही घातली तरी तो आतच राहणार, आणि बाहेरच्यांना भांडायला काहीच उरणार नव्हतं. मग कोण ओळखणार होतं त्याला? सगळे माझ्याकडे बघत होते. मला रडू यायचंच बाकी होतं.

"राहू दे," मी म्हणाले. "ही प्रत जरा खराब आहे."

सुमननं दोरा परत रिळाला गुंडाळला आणि रीळ माझ्या पिशवीत टाकलं. पंचफुलाबाईंनी वर संत्री भरली. "दुसरी आणा," त्या म्हणाल्या. "आम्ही बसून राहू इथेच."

परतीच्या गाडीत मी ती संत्री खात आले. त्या इंग्रज बाईंवरचा राग गेलेला नाही, उलट आता तो कारणासकट आहे. बाईंनी खुन्याला पहिल्या पानापासून आपल्यासमोर चहा प्यायला बसवलं होतं, आणि इतक्या वर्षांनी नरखेडच्या बागेत कोणीतरी त्याचा कप पाहिला. घरी आल्या आल्या कादंबरी पुन्हा लिहायला घेतली. माझा खुनी आता पहिल्याच प्रकरणात दार वाजवून आत येतो.

सुमनचा परवा फोन आला. "प्रत कधी पाठवतेस वं?" म्हटलं, थोडी थांब. नारिंगी रीळ टेबलावरच आहे, शिवण कुठून घालायची ते पानही सापडलंय. पण त्याआधी पुरावे असे मांडायचे आहेत, की डोळ्यांसमोर असूनही पंचफुलाबाई हरल्या पाहिजेत.