राणी उलटी, आई खुशाल

मंगळवारी टपालाची पिशवी आली की तो वर्कशॉपमधून हात पुसत माझ्या टेबलाशी यायचा. ढिगातून स्वतःचं पाकीट शोधायचा, पण फोडायचा नाही. आधी तिकीट बघायचा, मग पाकीट माझ्या नाकासमोर धरून म्हणायचा, "राणी उलटी, आई खुशाल."

त्या तिकिटावर इंग्लंडची राणी शीर्षासनात असे.

त्याची आई बेलफास्टला राहायची. तिथे राज्य ब्रिटिशांचं, त्यामुळे पोस्टात तिकीट राणीचंच मिळणार. म्हातारी ते विकत घेई, पण सरळ कधी चिकटवत नसे. चाळीस वर्षांचा नेम होता तो. आयर्लंड एक व्हावं आणि त्याच्या डोक्यावर कुणाचाही मुकुट नसावा, असं मानणारं ते घर. धाकटा मुलगा वीस वर्षांचा असताना सैनिकांच्या नाक्यावर गोळी लागून गेला. "हातात दुधाची बाटली होती," एवढंच हा सांगायचा. "चौकशीत बाटली सापडली नाही."

फोन त्या म्हातारीने घेतलाच नव्हता. फोन सैन्य ऐकतं, असं तिचं म्हणणं. त्यामुळे तिच्या तब्येतीची बातमी म्हणजे ते तिकीट. उलटं आहे म्हणजे आपल्या हाताने चिकटवलंय, म्हणजे अजून चालती-फिरती आहे, आणि अजून रागावलेली आहे. आत काय लिहिलंय ते तो सावकाश, जेवणाच्या सुट्टीत वाचायचा.

बहरीनमध्ये, सित्रा बेटावरच्या आमच्या कंपनीत व्हॉल्व्ह आणि पंप दुरुस्तीला यायचे. मालक बहरीनी, मोठा साहेब इंग्रज, कामगार आपल्याकडचे आणि केरळचे, आणि वर्कशॉपचा प्रमुख हा. मी ऑफिस सांभाळायची. व्हिसा, रजा, टपाल, पाहुणे, सगळं माझ्याकडे. चाळिशीकडे झुकलेल्या बाईला परदेशात एवढं राज्य पुष्कळ झालं.

हा माणूस गोड होता असं समजू नका. तुमच्याही ऑफिसात असा एक असेल, ज्याची जीभ सगळ्यांना ठाऊक असते आणि तरी चहाला सगळे त्याच्याच भोवती जमतात. कॅन्टीनमधल्या दोन मगांवर राजघराण्याची चित्रं होती, म्हणून चार वर्षं तो मुरंब्याच्या रिकाम्या बरणीतून चहा प्यायला. मोठ्या साहेबाला भर मीटिंगमध्ये म्हणाला होता, "तुम्ही लोक देश सोडून जाता तेव्हासुद्धा दार उघडंच ठेवून जाता." वेल्डर चुकला की यल्ला, खलास, असं अरबी ओरडायचा आणि मग त्याच्याच शेजारी उकिडवा बसून सांधा पुन्हा जोडून द्यायचा. आमचे टपाल आणणारे हमीदभाई रत्नागिरीचे. त्यांचे वडील वारले तेव्हा ह्याने कुणाला न विचारता वर्कशॉपची गाडी काढली, त्यांना मुहर्रकला विमानतळावर सोडलं आणि विमान उडेपर्यंत तिथेच उभा राहिला. परत आल्यावर मी लॉगबुकात कारण काय लिहू विचारलं तर म्हणाला, "लिहा, पंप."

बंदूक त्याने कधी हातात धरली नसावी. त्याचं सगळं बंड टपालाच्या तिकिटाएवढं होतं. पण तेवढं मात्र त्याने आणि आईने मिळून जपलं होतं.

मग बेलफास्टकडे बंदुका खाली ठेवल्याची बातमी आली. मोठा साहेब खूश झाला. त्या हिवाळ्यात आमच्या नव्या ट्रेनिंग शेडच्या उद्घाटनाला राणीच्या घराण्यातल्या एक बाई येणार असं ठरलं, तेव्हा तर त्याला स्वप्नच पडलं. मला बोलावून म्हणाला, "हात मिळवायच्या रांगेत अकरा माणसं. आपला आयरिश सहावा, बरोबर मध्ये. फोटोवाल्याला मी सांगून ठेवलंय."

"तो यायचा नाही," मी म्हटलं.

"शांतता झाली आहे. आणि त्याचं कंत्राट डिसेंबरात संपतंय. दोन्ही गोष्टी त्याला सांगा."

मी वर्कशॉपमध्ये जाऊन दोन्ही गोष्टी सांगितल्या. सांगणं माझं काम होतं. तो पंपाच्या पोटात हात घालून बसला होता. हात बाहेर न काढता म्हणाला, "ह्या वयात मला दुसरीकडे कोण घेणार, मॅडम?"

मला वाटलं, धीर द्यावा. म्हणून मी त्याला माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली. बेचाळीसच्या चळवळीत आजोबा साताऱ्याजवळच्या आमच्या गावातून पकडले गेले आणि दीड वर्ष तुरुंगात होते. पुढे हीच राणी मुंबईला आली तेव्हा तेच आजोबा मला घेऊन रस्त्याच्या कडेला तीन तास उभे राहिले. मला उंच धरून म्हणाले, हात हलव. मी हलवला. "राग धरून कुणाचं काय भलं झालंय?" असं मी त्याला म्हटलं.

त्याने हात बाहेर काढला, ग्रीस पुसलं.

"दीड वर्ष तुरुंग," तो म्हणाला, "आणि शेवटी नातीला वर धरून सलाम. तुमचा अख्खा देश दरवाजावरचा रखवालदार आहे, मॅडम. कोण गेलं, कोण आलं, हात कपाळाला."

हे तो वेल्डरच्या समोर म्हणाला. वेल्डर हसला. मी परत आले. आजोबांना तुरुंगात जो दमा जडला तो शेवटपर्यंत गेला नाही, हे त्याला सांगायचं राहिलं. सांगितलं नाही ते बरं केलं असं तेव्हा वाटलं. राग खर्च न करता ठेवून दिला.

उद्घाटनाच्या सकाळी मात्र तोच माझ्याकडे आला. कोट, टाय, भांग पाडलेला. दार लावून उजवा हात माझ्यापुढे धरला.

"बांधा."

"काय झालं?"

"काही नाही. म्हणूनच बांधा. दुखावलेला हात कुणी मागत नाही. रांगेत उभा राहीन, मान हलवीन, कंत्राटही राहील आणि आईलाही तोंड दाखवता येईल."

बेत वाईट नव्हता. प्रथमोपचाराच्या पेटीतलं बँडेज काढून मी बोटांपासून मनगटापर्यंत नीट घट्ट बांधलं, वर पिन लावली. माझं काम नीटनेटकं असतं. तो हात फिरवून बघत म्हणाला, "उत्तम. रखवालदाराला औषधपाणीही येतं."

त्या बाई आल्या. टोपी, हातमोजे, हसू. पाचव्या माणसाशी हात मिळवून त्या ह्याच्यासमोर आल्या, बँडेज बघितलं आणि थबकल्या. "अरेरे," असं काहीतरी म्हणाल्या. मग त्यांनी डाव्या हाताचा मोजा उतरवला, उजव्याचाही उतरवला आणि त्याचा तो बांधलेला हात आपल्या दोन्ही उघड्या हातांत अलगद धरला, पाखरू धरावं तसा. विचारलं, "फार दुखतं का?"

आणि तो हसला. दुसरं काय करणार? साठीला आलेल्या माणसाचा हात कुणी असा धरला तर तो हसतो. फ्लॅश पडला.

दुसऱ्या दिवशी इथल्या इंग्रजी पेपरात पहिल्या पानावर तो फोटो होता. बाकीचे दहाजण कडेला अर्धेमुर्धे दिसत होते. मथळा असा की जुनी जखम आता भरून येते आहे. नुसता हात मिळवला असता तर एवढा मोठा छापला नसता. वर्कशॉपमध्ये कुणीतरी तो बरणीवर चिकटवून ठेवला. त्याने सोलून काढला आणि बरणी धुतली. "बेलफास्टला हा पेपर जात नाही," तो मला म्हणाला. "तेवढं बरं."

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. ती मीच पाडली होती. कंपनीतल्या कुणाचाही फोटो पेपरात आला की कात्रण त्याच्या घरच्या पत्त्यावर पाठवायचं, सोबत कंपनीच्या कागदावर अभिनंदनाच्या दोन ओळी. चिपळूणला, राजापूरला, कोट्टायमला अशी कात्रणं चौकटीत लावलेली आहेत. मुलगा आखातात करतो काय, हे आईबापांना कधी कळतच नाही. फोटो बघून त्यांना बरं वाटतं, आणि रजेवरून येणारा माणूस माझ्यासाठी काजू आणतो.

रांगेत अकराजण होते. मी अकरा कात्रणं कापली, फाइलमधून अकरा पत्ते काढले, अकरा पाकिटं केली. हमीदभाई पाकिटं न्यायला आले. बाब अल बहरीनसमोरच्या पोस्टात तेच टाकायचे. पत्ते वाचत वाचत एकावर थांबले.

"बाय, ह्या एक पाकीट ऱ्हाव दे काय?"

"का?"

"त्याच्या आईला आवडायचा नाय. तुमाला ठावक हाय."

"पद्धत आहे, हमीदभाई. एकाला वेगळा न्याय कसा लावायचा?"

त्यांनी पाकीट एकदा उलटसुलट केलं. मग पिशवीत टाकलं.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. चार वर्षं दर मंगळवारी ते तिकीट माझ्या नाकासमोर धरलेलं होतं. रखवालदार हा शब्दही ताजा होता. दोन्ही मिळून एक पाकीट झालं.

तीन मंगळवार त्याचं काही आलं नाही. चौथ्याला आलं. त्याने ढिगातून ओढून काढलं आणि सवयीने माझ्या नाकासमोर धरलं. "राणी..." म्हणाला आणि थांबला.

राणी सरळ होती. चारही कोपरे जुळवून, अगदी शाळेत शिकवतात तशी चिकटवलेली.

त्याचा चेहरा उतरला. "आई गेली," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणीतरी चिकटवलंय." मग त्याने पत्त्याचं अक्षर बघितलं. अक्षर आईचंच होतं. पहिल्यांदाच त्याने माझ्यासमोर पाकीट फोडलं.

आत पत्र नव्हतं. माझं कात्रण होतं. कात्रीने कापलेलं, सरळ रेषेत, सावकाश. त्या बाई शाबूत होत्या, त्यांचे दोन्ही हात शाबूत होते आणि हातांत बँडेज होतं. बँडेजच्या पुढचा माणूस नव्हता.

मागे कंपनीचा कागद घडी घालून ठेवला होता. अभिनंदनाच्या दोन ओळी, खाली माझी सही.

तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने कागद टेबलावर ठेवून सरळ केला.

"किती पाठवली?"

"अकरा."

"पत्ता कुठेच चुकला नाही?"

"नाही."

"नाही," तो म्हणाला. "तुमचा चुकणार नाही."

त्यानंतर मंगळवारी तो येईनासा झाला. पत्रं तो पाठवत होता. हमीदभाईच नेऊन टाकायचे. उत्तर येत नव्हतं. दोन आठवड्यांची रजा घेऊन बेलफास्टला गेला आणि पाचव्या दिवशी कामावर हजर झाला. रजेचे उरलेले दिवस पुन्हा जमा करायचे का, मी विचारलं. तो म्हणाला, "करा. बंद दारासमोर उभं राहायला दोन आठवडे लागत नाहीत. तिने उघडलंच नाही." चहा कॅन्टीनच्या मगातून प्यायला लागला, जो हाताला लागेल त्या. वेल्डरवर ओरडणंही बंद केलं. वेल्डर म्हणायचा, ह्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

कंत्राट कंपनीने वाढवून दिलं होतं. मोठ्या साहेबाने शब्द पाळला. वर्षभराने ह्यानेच ते सोडलं. कुठल्याशा एजंटामार्फत पुढे जातोय म्हणाला, कुठे ते सांगितलं नाही. जाणाऱ्या माणसाने माझ्याकडे एक फॉर्म भरायचा असतो. 'घरचा पत्ता' हा रकाना त्याने कोरा ठेवला.

"हा भरावा लागेल," मी म्हटलं.

त्याने पेन घेतलं आणि आमच्याच कंपनीचा पोस्ट बॉक्स नंबर लिहिला.

"हा चालणार नाही."

"गेली पाच वर्षं माझी आई इथेच तर होती, मॅडम," तो म्हणाला. "तुमच्या टेबलावर." मग हमीदभाईंना मिठी मारली, मला मान हलवून नमस्कार केला आणि गेला. उजवा हात खिशात होता.

तो गेल्यावर सात आठवड्यांनी, मंगळवारीच, पिशवीत त्याच्या नावाचं पाकीट आलं. अक्षर आणखी थरथरलेलं. तिकीट जरा तिरकं, घाईने लावल्यासारखं.

राणी उलटी होती.

हमीदभाई माझ्या खांद्यावरून बघत होते. मी एजंटाला फोन केला, फॅक्स केला. तो म्हणाला, त्या माणसाने त्याच्याकडेही आमचाच पोस्ट बॉक्स दिलाय. विमानतळावर विचारून बघितलं, सौदीतल्या दोन वर्कशॉपनाही विचारलं. मफी, कुठेच नाही. ज्या फाइलमध्ये दोनशे माणसांचे पत्ते बिनचूक होते तिच्यात एवढा एक नव्हता.

निघून गेलेल्या माणसाचं टपाल तीन महिने ठेवून परत पाठवायचं, असा आमचा नियम आहे. हाही मीच केलेला. तीन महिने ते पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये राहिलं. मी ते उघडलं नाही.

शेवटच्या दिवशी हमीदभाई म्हणाले, "बाय, म्हातारीला दोन ओळी लिवा. त्याला मिळाला नाय म्हणून सांगा. नायतर तिला वाटेल त्यानेच परत धाडला."

मी कंपनीचा कागद पुढे ओढला. पेनही उघडलं. पण त्या घरी माझ्या दोन ओळी आधीच एकदा पोचल्या होत्या, आणि सही ती म्हातारी ओळखणार.

मी कागद परत ठेवला. 'इथे राहत नाही' असा एक रबरी शिक्का होता, तो शाईत बुडवला आणि पाकिटावर मारला. जागा कमी होती. राणीच्या उलट्या तोंडावर आला.

शिक्का सरळ बसला.