सजगतेने हुंगलेली सुरमई

चिडून माणसाचं वाटोळं होतं, हे तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल. शांत राहून कसं होतं ते आज माझ्याकडून ऐका. आधी चहा घ्या, कारण हे सांगताना माझा आवाज चढणार आहे. आणि मध्येच कोणी 'शुभांगी, रिलॅक्स' म्हणालं ना, तर हातातला कप काढून घेईन!

मी चिडकी आहे. त्यात लपवायचंय काय? मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये पार्किंगवरून वाद झाला की लोक सेक्रेटरीकडे जात नाहीत, माझी बेल वाजवतात. भाजीवाला मला बघून खालची मेथी वर ठेवतो. आणि मी घरात अर्धा तास गप्प बसले, तर दिलीप, म्हणजे माझा नवरा, कपाळाला हात लावून ताप बघतो.

तर एके दिवशी आमचे चिरंजीव, ओंकार, जेवताना म्हणाले, "आई, मला लग्न करायचंय. श्रद्धा परब. ऑफिसातलीच आहे. दिंडोशीला राहते. रविवारी तिच्या आईबाबांनी आपल्याला जेवायला बोलावलंय."

मी म्हटलं, "झकास! मग तोंड का पाडलंयस?"

"तिची आई घाबरलीय गं. तुला."

"मला? बघितलं तरी आहे का मला?"

"तुझा फोटो बघितलाय."

"मग?"

"त्या फोटोत तू फोटोग्राफरवर ओरडतेयस."

आता पुतण्याच्या मुंजीत तो गाढव सगळ्यांना उन्हात उभं करून लेन्स पुसत बसला होता, त्याला काय मी ओवाळायचं?

पण मग ओंकारचा आवाज बारीक झाला. "आई, श्रद्धा एकुलती एक आहे. परबकाकू म्हणाल्यात, माणसं बघून मगच हो की नाही ते सांगीन. आणि त्या नाही म्हणाल्या तर श्रद्धा पुढे जाणार नाही. एवढा एक रविवार शांत रहा ना. प्लीज, वाट लावू नकोस."

पोरगं कधी असं विनवत नाही हो. म्हटलं, ठीक आहे. तुझ्यासाठी शांत काय, पुतळा होऊन बसते.

तर ह्या कार्ट्याने माझं नाव आधीच एका शिबिरात घालून ठेवलेलं! 'सजगता आणि सकारात्मक जीवन.' हॉल आमच्या घरामागेच, त्यामुळे सुटका नाही.

शिबिरातल्या मॅडमचा आवाज इतका मऊ, की पहिल्या दिवशी मला वाटलं बाईंना बरं नाहीये. म्हणाल्या, राग आला की त्याच्याशी भांडायचं नाही. लांब श्वास घ्यायचा. राग ढगासारखा येतो, ढगासारखा जातो. मी म्हटलं, बघू.

मग त्यांनी प्रत्येकीच्या तळहातावर एक मनुका ठेवली. एक! खायची नाही. आधी बघायची. मग नाकाशी धरून वास घ्यायचा. मग कानाशी धरून ऐकायची. मग जिभेवर ठेवून सावकाश चावायची, एक शब्द न बोलता. चांगली, वाईट असा शिक्का मारायचा नाही. आणि शेवटी ही मनुका कुठून कुठून आली, किती हातांतून आली, त्या सगळ्यांचे आभार मानायचे. माझ्या शेजारची बाई त्या मनुकेसाठी रडली. मला फक्त भूक लागली.

पण खरं सांगते, दोन-चार दिवसांत फरक पडला. मेथी पिवळी निघाली, मी श्वास घेतला. दिलीपने ओला टॉवेल गादीवर टाकला, मी श्वास घेतला. त्याने तो टॉवेल स्वतः उचलून वाळत घातला, इतका तो घाबरला.

रविवार उजाडला. गाडी घेऊन निघालो. जेव्हीएलआरच्या रस्त्यावर एक रिक्षावाला आडवा घुसला. मी श्वास घेतला आणि मंद हसले.

"हिला काय झालंय रे?" दिलीपने आरशातून ओंकारला विचारलं.

ओंकार मात्र खूश. "आई, एक नंबर! अशीच रहा. आणि आज मासे आहेत बरं का. मी सांगून ठेवलंय त्यांना, माझ्या आईला मासळीतलं जबरदस्त कळतं. नुसत्या वासावरून सांगते मासा कधीचा ते!"

मला काय, बरंच वाटलं ऐकून. आहेच मुळी तसं. तुम्ही हे वाक्य फक्त लक्षात ठेवा. मी नेमकी विसरले!

परबांचं घर छोटंसं, पण लखलखीत. परबकाका हसतमुख, लिफ्ट दुरुस्तीच्या कामातले. काकू ठेंगण्याशा, पदर खोचून दारातच उभ्या. आमच्याशी शुद्ध मराठी, नवऱ्याशी मालवणी. श्रद्धा तर मला बघताक्षणी आवडली. मी सगळ्यांकडे बघून सावकाश हसत होते.

ताटं वाढली. रव्यात तळलेली सुरमई, कोलंबीचं सुकं, वडे, सोलकढी. नेहमीची मी असते ना, तर पहिल्या घासाला ओरडले असते, 'अगं बाई, काय झालीय!' मग मसाला विचारला असता, मग दिलीपच्या ताटातला तुकडा उचलला असता. पण मी तर सुधारले होते ना!

मी सुरमईचा तुकडा उचलला. आधी बघितला. वरून बघितला, उलटून खालून बघितला. समोर काकूंच्या हातातला भाताचा डाव हवेतच थांबला.

मग मी डोळे मिटले, तुकडा नाकाशी नेला आणि लांब श्वास घेतला. एकदम शिस्तीत.

डोळे उघडले तर सगळं घर माझ्या नाकाकडे बघत होतं.

मग तुकडा कानाशी नेला. हसू नका! मनुका कानाशी धरायला लावली होती, तर सुरमईने काय घोडं मारलंय?

"आई," ओंकार दातांतून म्हणाला, "काय करतेयस?"

मी मंद हसले. पोराने नंतर सांगितलं, ते हसू बघून त्याला वाटलं, आता संपलं.

काकूंनी हळूच विचारलं, "काय झालं हो? वास येतोय का?"

"येतोय ना," मी म्हटलं. "येऊ दे. मी फक्त त्याची नोंद घेतेय."

आता तुम्हीच सांगा, ह्यात मी वाईट काय बोलले? शिबिरात हे वाक्य बोलले असते तर टाळ्या पडल्या असत्या.

काकूंचा चेहरा उतरला. "पण... झालीय कशी?"

"मी चांगली किंवा वाईट, काहीच म्हणत नाहीये. आहे तशी स्वीकारतेय."

ओंकारने टेबलाखालून मला लाथ मारली. मला वाटलं, आभार मानायचे राहिले म्हणून आठवण करतोय! मी हात जोडले. "हा मासा कुठून निघाला असेल, किती दिवस प्रवास केला असेल, किती हातांतून गेला असेल. आणि शेवटी माझ्या ताटात आला. मी आभारी आहे."

किती दिवस! मालवणी बाईला, तिच्याच घरात, तिच्याच ताटातल्या माशाबद्दल!

काकू गर्रकन नवऱ्याकडे वळल्या. "तरी मी तुका सांगी होतंय, बर्फातलो मासो हाडू नको म्हणान!"

"गो, बर्फातलो खंयचो? सकाळी उभा राहून कापून घेतलंय!" काकांनी स्वतःचा तुकडा उचलून हुंगला. "माका तर कसलोच वास येणा नाय."

"तुका कसो येतलो? त्यांका कळता मासळीतला. पोरग्यान सांगल्यान नाय?"

आणि त्या भराभर ताटं उचलायला लागल्या. माझं उचललं, ओंकारचं उचललं, दिलीपचं उचलायला गेल्या. दिलीपने ताट घट्ट धरलं. ह्या माणसाने त्या क्षणापर्यंत तोंड फक्त खाण्यासाठी उघडलं होतं. तसंच ठेवलं असतं तर? पण नाही.

"राहू द्या हो वहिनी," तो म्हणाला, "मला चालेल."

चालेल! अरे, 'चालेल' म्हणजे काय? शिळं असलं तरी चालेल? त्या क्षणी मला त्याच्या डोक्यावर सोलकढी ओतावीशी वाटली. पण मी श्वास घेतला. तर काकूंना वाटलं, मी सोलकढीचा वास घेतेय. त्यांनी वाट्या पण उचलल्या!

स्वयंपाकघरातून हुंदका आला. "पहाटे उठून वाटप वाटलंय मी. आमच्या घरात शिळं वाढलं, असं जन्मात कोणी बोललं नव्हतं. थांबा, पिठलं टाकते." मग जरा थांबून, बारीक आवाजात, पण आम्हाला ऐकू येईल असं, "पहिल्याच जेवणाला असं, तर पुढे माझ्या पोरीच्या हातचं काय गोड लागणार?"

श्रद्धाचे डोळे भरले. ती ओंकारला म्हणाली, "तू म्हणालास आई ओरडते. हे तर त्याच्यापेक्षा भयंकर आहे रे."

ओंकार नुसता रिकाम्या टेबलाकडे बघत बसला. आणि मला पहिल्यांदा कळलं की पोराचं लग्न मोडतंय, आणि ते मी मोडतेय, एक शब्द वाकडा न बोलता! काय करावं सुचेना. मॅडम म्हणाल्या होत्या, ढग जाईल. कसला जातोय! तो तर छातीवर फतकल मारून बसला.

तेवढ्यात काकांनी फोन लावला. मालाडच्या बाजारातल्या त्यांच्या कोळणीला. स्पीकरवर!

"मावशे, आज दिलेली सुरमई कधीची? इकडे पाहुण्या म्हणतात वास येतो."

पलीकडून जो आवाज आला, तो ऐकून खिडकीतलं कबुतर उडालं. "कोन ती? माझे म्हावऱ्याला नाव ठेवते? दे फोन तिला!"

काकांनी फोन माझ्यासमोर धरला. मी श्वास घेतला. शेवटचा प्रयत्न. मऊ आवाजात म्हटलं, "मावशी, मी तुमची मनापासून आभारी आहे."

"टोमना मारते काय गं? म्हावरा कधी खाल्लाय का तू? कळतं का तुला त्यातलं काही?"

मला! मला मासळीतलं कळत नाही? संपलं. ढग बिग सगळं फाटलं.

"ए मावशे!" मी खुर्ची सरकवून उभी राहिले. "कोणाला बोलतेस तू? मुलुंडच्या बाजारात जाऊन विचार माझं नाव! मला बघून कोळणी बर्फातलं टोपलीखाली लपवतात! कोण म्हणतं वास येतो? अगं, काय सुरमई आहे ही! नुसता हात लावला तर काट्यापासून लोण्यासारखी सुटतेय! असला तुकडा मला जन्मात मिळाला नाही! आणि तू मला विचारतेस कळतं का?"

"ताजीच हाय ती!"

"ताजीच आहे म्हणतेय ना मी!"

"मग वरडतेस कशाला?"

"तू ओरडतेस म्हणून! आणि परबकाका, फोन काय धरून बसलात, माझं ताट कुठाय? वहिनी, ते पिठलं-बिठलं आधी बंद करा! मी एकच घास हुंगत बसले आणि हा दिलीप तीन तुकडे खाऊन मोकळा! दिलीप, तू हसू नकोस. 'मला चालेल' काय? घरी चल, तुला काय चालतं ते बघते मी!"

ओंकारने डोळे मिटून घेतले होते.

काकू हातात बेसनाचा डबा घेऊन दारात उभ्या. माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. नवऱ्याला म्हणाल्या, "हीच ओ! फोटोतली ती हीच!"

आणि पदर तोंडाला लावून जे हसत सुटल्या, की बेसनाचा डबा काकांना धरावा लागला. आणि मला थेट मालवणीत म्हणाल्या, "मगे आधी कित्या नाय सांगलास गो? माका वाटला, तोंडावर हसतली आणि पोरीक पाठीमागे छळतली. बोलणाऱ्या माणसाचा काय भय नाय."

ताटं परत आली. मी चार तुकडे खाल्ले, प्रत्येकाला 'अगं बाई, काय झालीय!' असं ओरडले. 'हो' त्याच जेवणात झालं. ओंकारने गाडीत बसताना मला घट्ट मिठी मारली. म्हणाला, "आई, परत कधी शांत राहू नकोस."

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला सांगितलीच नसती. पण महिन्याभराने साखरपुडा झाला. हॉल भरलेला. दोन्हीकडची माणसं, आणि पहिल्या रांगेत, अंगभर सोनं घालून, ती कोळीण मावशी! काकूंनी खास आमंत्रण दिलेलं.

अंगठ्या झाल्या. काकूंनी माझ्या हातावर केशरी पेढा ठेवला. काय सुंदर वेलची घातली होती त्यात! हात आपोआप नाकाकडे गेला. नुसता गेला हो, सवयीने!

हॉलमधली सनई थांबल्यासारखी वाटली. काकू ओरडल्या, "विहीणबाई, ताजो आसा! सकाळीच हाडलंय!"

आणि पहिल्या रांगेतून मावशी, "हुंगू दे तिला! बगा, आता कानाला लावील!"

शे-दोनशे माणसं माझ्या नाकाकडे बघतायत, फोटोग्राफर कॅमेरा रोखून पुढे आलाय, आणि माझा पारा असा सरसरत वर. अशा वेळी शिकलेल्या बाईने काय करावं? मी डोळे मिटले आणि एक लांब, खोल श्वास घेतला.

मागून दिलीपचा आवाज आला, "अरे देवा, दुसऱ्यांदा वास घेतेय! पेढे थांबवा!"