गोधडीतली देवी

परवा नातीनं गंधकाचा साबण आणला आणि त्या वासासरशी माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली बघा. पन्नासेक वर्षं झाली असतील, कराडजवळच्या माझ्या सासरी तान्ह्या लेकीच्या तळहातांवर, तळपायांवर बारीक फोड उठले. “देवी आल्यात गं. औषधाचं नाव काढू नगंस,” सासूबाई म्हणाल्या. मग काय, खोली अंधारी केली, दाराला लिंबाचा पाला, आत उदाचा धूर, आणि लेक माझ्याच गोधडीत गुंडाळलेली. हळूहळू माझंही अंग वळवळायला लागलं, जणू कातड्याखालून कुणी चालतंय. लेक दूध प्यायची थांबली, तशी मी तिला पदराखाली घेतली आणि कराडची एसटी धरली. “आन् वाटंत कोपल्या म्हंजे?” सासूबाई दारातनं ओरडल्या. डॉक्टरांनी माझ्याच बेचक्यातलं सुईनं खरवडून काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकातनं दाखवलं. गोल, पांढुरकं, आखूड पायांचं काहीतरी सावकाश हलत होतं. “ही देवी नाही, खरजेचा किडा. कातडीत बीळ करून अंडी घालतो. दोघींना गंधकाचं मलम लावा, गोधड्या उकळा.” घरी चुलीवर हंडा चढवला, तर सासूबाईंनी आधी गोधडीला हळदकुंकू वाहिलं, मगच ती उकळत्या पाण्यात सोडू दिली. लेक बरी झाली; साबण आणणारी नात तिचीच. मी मात्र अजून गोधडी अंगावर ओढण्याआधी जराशी थांबते, आत कुणी जागं आहे का, म्हणून.