तीन पायांच्या बिबट्याचा शेवट

नवापूरच्या बाहेर आमचं पोल्ट्री फार्म आहे. नवरा गेल्यापासून मी एकटीच चालवते. दुपारचं खाद्य-पाणी उरकलं की संध्याकाळपर्यंत बोलायला कोणी नसतं. त्या वेळात मी फोनवर जुनी पुस्तकं शोधायला लागले. खरं तर एकच पुस्तक.

सासरे शाळेत मास्तर होते. त्यांनी सुरतेच्या रद्दीतून एक इंग्रजी शिकारीचं पुस्तक आणलं होतं. कव्हर नाही, शेवटची पानंही नाहीत. त्यातली तीन पायांच्या बिबट्याची गोष्ट ते दोन्ही मुलांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला आणि नणंदेला, अहिराणीत सांगायचे. शिकारी तापानं फणफणलेला, मचाणावर बसलेला. बिबट्या खाली येतो, आणि पुढचं पान नाही. त्यावरून बहीणभाऊ जन्मभर भांडले. तो म्हणायचा, पळाला. ती म्हणायची, मेला. पुस्तक वाळवीनं खाल्लं, भांडण चालू राहिलं. मला तो शेवट हवा होता. नवऱ्याला सांगता येणार नव्हतं, पण नणंद, आमच्या अक्का, होत्या.

फार जुन्या पुस्तकांचे हक्क संपतात आणि पानांचे फोटो वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात, हे मला माहीत नव्हतं. पुस्तकाचं नाव ठाऊक नाही, म्हणून एकेक उघडत गेले. बहुतेकांत मेलेल्या जनावरांची मापं आणि नोकरांबद्दल कुरकुर. बर्फातून, वाळवंटातून चाललेले प्रवासीही वाचले. त्यांचं बरं होतं, चिडायला सोबती होते. अडलेला शब्द फोनलाच विचारायचा. थंडी सरता सरता बिबट्या सापडला. उरलेली गोष्ट दीड पानाची. वाचली, शेडमध्ये जाऊन पाणी बघितलं, परत येऊन पुन्हा वाचली.

मग सुरतेला अक्कांना फोन लावला.

"काय करी ऱ्हायनी वं?"

"पुस्तक वाची ऱ्हायनू, अक्का."

"आते कोंबडीसले वाची दाखाडस का?"

मी सांगितलं, बिबट्याचं पुस्तक मिळालं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. त्यांनी गॅस बंद केला असावा. "सांग," म्हणाल्या.

आमच्याकडे गोष्ट ऐकणारानं हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की सांगणारानं थांबायचं. मी सुरुवातीपासून सांगत गेले, त्या "हूं, हूं" करत गेल्या. ताप आला, हूं. मचाण बांधलं, हूं. पानं वाजली, बिबट्या खाली आला. आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली.

"अक्का?"

"मन्हा भाऊ म्हने, पळी गया. ते पळी गया."

"तुम्हीच ते म्हनेत, मरना."

"मी ते त्यानासंगे भांडाले म्हनू." त्यांनी विचारलं, "जेवनी का?"

जेवले, मी म्हणाले. मग गुडघ्यांचं बोलणं झालं, नातीच्या परीक्षेचं झालं आणि फोन ठेवला.

बिबट्या पहिल्याच गोळीत मेला होता. अक्का जिंकल्या होत्या आणि त्यांना ते नको होतं. फाईल फोनमधून काढून टाकावी म्हणून बोट ठेवलं, पण पुसली नाही. हे माहीत असलेलं घरात दुसरं कोणी नाही. संध्याकाळी कोंबड्या न्यायला टेम्पो येणार होता. मी वजनकाटा बाहेर काढला.