मला चौथीत बसवणाऱ्या बहनजी

हा लेख लिहिण्याची वेळ संपादक मंडळाने माझ्यावर आणली. श्रीमती गिरिजाबाई लांजेवार यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाचे लेख शुद्धलेखन तपासण्यासाठी माझ्याकडे आले. जवळजवळ प्रत्येकाने त्यांना ‘मायेचा सागर’ म्हटले आहे. मी त्यांच्या घरी राहिलेली आहे. तिथे सागर नव्हता; पहाटे उठून आपल्या अंथरुणाची घडी आपणच घालावी लागे. निदान एका लेखात तरी बरोबर माहिती जावी, म्हणून लिहिते.

भिलाईत सगळे त्यांना बहनजी म्हणतात. मीही तेच म्हणेन.

माझे वडील रेल्वेत रूळ टाकणाऱ्या टोळीवर होते. टोळी पुढे सरकली की घर सरके आणि शाळा तुटे. दुसरी मी तुमसर, तिरोडा आणि गोंदिया अशा तीन गावांत शिकले. प्रत्येक गुरुजी म्हणत, मधूनच आली आहे, मागे बसू द्या. माझ्या नातवंडांना हे सांगते तेव्हा त्यांना प्रवासाची मजा वाटते. मजा नव्हती. बरोबरीच्या मुली पुढे जात आणि मी लहान पोरींच्या रांगेत बसे. तिसरी कशीबशी पुरी झाली, तोच वडिलांना भिलाईत कारखान्याच्या बांधकामावर काम मिळाले. निघताना ते आईला म्हणाले, “आता जर मागं बसवलं तं बस झालं. पोट्टी घरीच बरी.”



कारखान्याच्या वसाहतीचे सेक्टर तेव्हा उभे राहत होते. शाळा पत्र्याच्या शेडमध्ये, दोन वर्गांच्या मध्ये बांबूचा तट्टा. मुख्याध्यापक उत्तरेकडचे, भारदस्त हिंदी बोलणारे. माझी हिंदी बाजारापुरती. त्यांनी चौथीचे पुस्तक हातात देऊन वाचायला सांगितले. मी अडखळले आणि थांबले.

“चेष्टा करो,” ते म्हणाले.

मी वडिलांकडे पाहिले. आमच्या घरी मोठ्या माणसाची चेष्टा केली तर पाठीत धपाटा बसे.

“डरो मत. चेष्टा करो.”

“सायेब म्हणून राहिले तं कर ना,” वडील कुजबुजले.

मी केली. पोट पुढे काढले, नसलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, घसा खाकरला आणि त्यांच्याच आवाजात म्हणाले, “डरो मत. चेष्टा करो.”

मुख्याध्यापक उठून उभे राहिले. “इसे दूसरी में बैठाओ.” वडिलांनी माझे मनगट धरले. ते मला दुसरीत नव्हे, घरी नेणार आहेत, हे मला त्या पकडीवरून कळले.

तेवढ्यात तट्ट्यापलीकडून एक तरुण शिक्षिका आल्या. सुती साडी, बोटांना खडू. त्या बहनजी. पुढे कळले की त्या भंडाऱ्याकडच्या. त्यांनी कुणाला काही न विचारता आधी मलाच विचारले, “तुले का कर म्हणलं त्यायनं?”

“चेष्टा.”

“मंग?”

“मंग केली.”

त्या मुख्याध्यापकांकडे वळल्या. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. “सर, लड़की ने आपकी आज्ञा का पालन किया है. हमारी मराठी में चेष्टा माने मज़ाक उड़ाना.”

मुख्याध्यापक पुन्हा खुर्चीत बसले. मग म्हणाले, “तो आपके यहाँ प्रयत्न को क्या कहते हैं?”

“प्रयत्न ही कहते हैं, सर.”

माझे नाव चौथीत लागले, पण अटीवर. वार्षिक परीक्षेत हिंदीत नापास झाले तर खाली, आणि तोवर जबाबदारी बहनजींची. ही मुलगी कोण, कुठली, हे न विचारता त्यांनी ती घेतली.

त्यांची शिकवण्याची रीत अशी. रोज एक ‘फसवा शब्द’ शोधून आणायचा, म्हणजे दोन्ही भाषांत सारखा दिसणारा आणि अर्थाने वेगळा निघणारा. शिक्षा, राग, संसार. अर्थ त्या सांगत नसत. नळावर पाठवत. “तिथल्या बायाइले विचार,” त्या म्हणत. “चुकली तं हसतील तरी. पुस्तक हसत नाही.” मी नळावर जाऊन एका बाईंना विचारले, आप संसार कैसे करती हैं? हिंदीत संसार म्हणजे सारे जग; पुढे किती तरी दिवस “का ओ संसारवाली, पानी भरबे?” अशी छत्तीसगढी हाक ऐकावी लागली. तो शब्द मी पुन्हा चुकले नाही.

परीक्षा तोंडावर आली आणि वडिलांना नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीवर पाठवले. सामान ट्रकवर चढले. पुन्हा मधूनच जाणे, पुन्हा मागे बसणे, आणि या वेळी वडिलांनी सांगितलेले खरे होणार होते. बहनजी शाळेतून तशाच आल्या.

“परीक्षा होतवर पोरीले माझ्याकडं राहू द्या.”

“बाई, तुमच्या घरी एक तोंड वाढन.”

“दोन हात वाढतीन. माझ्याकडं तांदूळ निवडाले कोणी नाही. खाट उतरवा तिची.”

खाट उतरली. बहनजींची खोली एकच. त्यांच्या यजमानांनी आपली खाट मुकाट्याने व्हरांड्यात ओढली. बहनजींनी मला कधी जवळ घेतले नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. तांदूळ निवडताना धडे म्हणून घेतले. चूक झाली की निवडलेले तांदूळ परत सुपात. जेवताना मात्र पहिली गरम पोळी माझ्या ताटात पडे, हेही नोंदवले पाहिजे.

निकालाच्या दिवशी मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून पाहत विचारले, “चेष्टा की?”

“प्रयत्न भी किया, सर.”

ते हसले. वडील नंदिनीहून आले होते. त्यांना वाचता येत नव्हते, त्यांनी बहनजींना विचारले, “म्हणजे आता पुढं?”

“पुढं,” बहनजी म्हणाल्या. ‘घरीच बरी’ हे शब्द वडिलांनी पुन्हा काढले नाहीत.

ज्या शाळेत वर्ग सुरू केला त्याच शाळेत तो संपवला, असे माझ्या बाबतीत तेव्हा पहिल्यांदा घडले. पुढे मॅट्रिक झाले, रायपूरच्या कॉलेजात पदवी घेतली, नोकरी केली. लोक त्याचे कौतुक करतात. मी माझ्या शिक्षणाची सुरुवात त्या चौथीपासून धरते.

बहनजींचे गुडघे आता दुखतात, आवाज मात्र तट्ट्यापलीकडे जाईल असा आहे. त्यांची नजर वाचण्यापुरती आणि कान चूक पकडण्यापुरते शाबूत राहोत, गुडघ्यांनी थोडे ऐकावे, आणि हे सगळे पुष्कळ वर्षे चालावे. यात आमचा स्वार्थ आहे.

हा लेख संपादकांकडे देण्याआधी मी नेहरू नगरातल्या त्यांच्या घरी गेले. माझ्या मुलाची नोकरी बदलीची. त्याची मुलगी मीरा नुकतीच तमिळनाडूतल्या सेलमहून आमच्याकडे आली आहे, हिंदी कच्ची आणि मराठी त्याहून कच्ची. त्या दिवशी सुपूर्द केले ते असे: एक शाल, एक साडी आणि मीरा, इयत्ता सहावी. शाल व साडी बहनजींनी परत केली. मीराला रोज संध्याकाळी ठेवून घेतले आहे.