कुंपणातला भारद्वाज

शालूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होते. बाबा म्हणाले, "झोपेतच गेली गं... काही त्रास नाही झाला." मग जरा थांबून म्हणाले, "खैरनार काकांनी सगळी धावपळ केली. फार मदत झाली त्यांची." खरं तर पहिल्या वाक्यालाच रडू यायला हवं होतं, पण माझं मन दुसऱ्या वाक्यापाशी अडकलं. खैरनार काका कशाला धावपळ करतायत? आत्या असती तर तिनंही आधी हेच विचारलं असतं.

आत्या बाबांची थोरली बहीण. जन्मभर नर्स, लग्न केलं नाही. पाथर्डी फाट्याकडे नुसते प्लॉट आणि बाभळी होत्या तेव्हा तिनं आमच्या घरासमोर आपलं छोटं घर बांधलं. आई बँकेत, बाबा ओझरच्या कारखान्यात, त्यामुळे शाळा सुटली की मी आत्याकडे. मी न बोलणारी मुलगी आणि ती संशयी बाई, आमचं बरं जमलं. कुणी पेढा पुढे केला तरी ती विचारायची, "काय काम काढलंस?" तिच्या बागेत लॉन नव्हतं, गुलाब नव्हते. कळवणला बदली असताना आणलेल्या बियांची करवंदं, निरगुडी, अडुळसा, तोरणाची रानझुडपं. कुंपण असं माजलं होतं की त्यात हात जायचा नाही. कोपऱ्यात, रस्त्याच्या कडेला, उंबर. "तो मी नाही लावला, पाखरानं लावलाय," ती तक्रार करणाऱ्याला सांगायची, "त्यालाच जाऊन विचारा."

रोप कुणीही आणून दिलं तरी ती आधी पान उलटून बघायची. एकदा कॉलनीचे अध्यक्ष खैरनार काका स्वतः एक रंगीत क्रोटनची कुंडी घेऊन आले. आत्यानं एकेक पान तपासलं आणि कुंडी त्यांच्याच हातात परत दिली. "एक भोक नाही हो याला. अळीला जे चालत नाही ते मला कशाला?" ते गेल्यावर मला म्हणाली, "अळ्या नाहीत तर शिंप्यानं पोरांना काय भरवायचं, क्रोटन? वॉर्डात डाग नको, बागेत डाग हवेत." माझ्या शाळेच्या पुस्तकात रॉबिन पक्षी होता आणि बर्फ होता. शिंपी पक्षी पानं शिवून घर करतो हे मी तिच्या पायरीवर बसून पाहिलं. अळीनं खाल्लेलं उंबराचं पान ती कधी कधी डोळ्याला लावायची आणि भोकातून गल्ली बघायची. "यातून माणसं बरोबर दिसतात," म्हणायची, आणि मलाही एक पान द्यायची. आम्ही दोघी बराच वेळ तशाच बसायचो.

कुंपणाच्या आत, करवंदाच्या जाळीत, भारद्वाज राहायचा. तांबूस पंख, लालभडक डोळे, आणि खोल विहिरीतून आल्यासारखा तो कूप-कूप आवाज. भारद्वाज दिसला की काम होतं हे आमच्या कॉलनीत सगळ्यांना पाठ. मुलाच्या बारावीच्या परीक्षेच्या सकाळी खैरनार काका त्याला फाटकात उभं करून, मान उंचावून, तारांवर, गच्च्यांवर भारद्वाज शोधत होते. मी खिडकीतून बघत होते. भारद्वाज त्यांच्याशेजारच्या कुंपणातच, त्यांच्या गुडघ्याच्या उंचीवर, हातभर आत बसलेला होता. आत्यानं मला दंडाला धरून मागे ओढलं. "सांगायचं नाही. कळलं की हळदीकुंकू घेऊन येतील, नाहीतर पिंजरा घेऊन." आणि तेच खैरनार काका दर बैठकीत म्हणायचे, "ताई, हे जंगल काढा आता. साप निघेल." आत्या म्हणायची, "निघू दे. तो तुमच्यासारखा बैठका नाही घेणार."

मी कॉलेजात गेले त्या सुमारास काकांनी सूर बदलला. खैरनार काकी दर गुरुवारी उंबराला प्रदक्षिणा घालायच्या, त्याला आत्याची ना नव्हती. पण आता काका म्हणू लागले, उंबर म्हणजे दत्ताचं स्थान, त्याला छान पार बांधू. आत्या त्या दिवशी जेवली नाही. सिमेंटनं मुळं गुदमरणार, आणि पाराला जागा करायची म्हणून कुंपण जाणार, हे तिला दिसत होतं. "कुऱ्हाड घेऊन आला असता तर भांडले असते गं," ती मला म्हणाली. "हा हार घेऊन आलाय. हार घेऊन आलेल्या माणसाशी कसं भांडायचं?" काकांच्या मनात खरोखर भक्ती होती की नुसती साफसफाई, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मलाही नाही. तिनं फक्त "मी आहे तोवर नको" एवढं सांगितलं.

आता ती नव्हती.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काका आणि काकी आमच्याकडे आले. काकांच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली ग्रॅनाइटची फरशी होती, काळी, गुळगुळीत. "नमुना आणलाय. यावर ताईंचं नाव कोरू. कुंपण काढून टाकू, चहूबाजूंनी पार, लोक येऊन बसतील. ताईंची आठवण राहील कायमची." बाबांचे डोळे भरून आले. आत्याचं घर आता त्यांच्याकडे होतं. "चांगलं आहे की..." ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं.

फरशीवर एक ओरखडासुद्धा नव्हता. आत्याचं गुपित राखलं तर कुंपण जाणार होतं, आणि सांगितलं तर ते नेमकं ज्यांच्यापासून राखलं त्यांच्याच हाती जाणार होतं.

"कुंपण काढलं तर भारद्वाज जाईल," मी म्हणाले.

"कुठला भारद्वाज?"

"आपला. तो त्या जाळीतच राहतो. घरटंही तिथंच करतो."

"अगं बाई!" काकी सोफ्यावरून उठल्याच. "म्हणजे परीक्षेच्या दिवशी आपण गच्च्या धुंडाळत होतो, आणि हा इथं, खाली? अहो, आपल्या धाकट्या पिंकीची बारावी आहे यंदा!"

काकांनी फरशी पुन्हा कागदात गुंडाळली. "ताई कधी बोलल्या नाहीत," ते म्हणाले.

"नाही बोलली," मी म्हणाले. का, ते सांगितलं नाही.

"मग परीक्षा होऊ देत," काका उठत म्हणाले. "नंतर बघू."

त्या 'नंतर बघू'वर माझा विश्वास नाही. पुण्याला परतायच्या दिवशी सकाळी मी आत्याच्या पायरीवर जाऊन बसले. उंबराखाली पानं पडली होती. त्यातलं एक उचललं, उलटून पाहिलं, चाळणीसारखं झालं होतं. डोळ्याला लावलं. भोकातून कुंपण दिसलं, आणि कुंपणापलीकडे खैरनार काका. ते वाकून, गुडघ्यांवर हात टेकून, करवंदाच्या जाळीत बघत होते. भारद्वाज शोधत होते की जागेचा अंदाज घेत होते, कळेना... मी पान खाली घेतलं नाही. तशीच बसून राहिले.