दाजींची टिक

सृष्टी घडवून झाल्यावर ती तपासायला ब्रह्मदेवाने कोणाला बोलावले असते, तर आमच्या दाजींनाच. आणि त्यांनी किमान चाळीस दुरुस्त्या सुचवल्या असत्या. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाशिकला शिक्षण खात्यात तपासणीवर होते, पण तपासणी कचेरीत ठेवून घरी येणे त्यांना कधी जमले नाही. लग्नाच्या पंगतीत ते मठ्ठ्याला गुण देत. मला स्थळ आले, तेव्हा त्यांनी नवऱ्या मुलाला पाढे विचारले आणि बाहेर येऊन म्हणाले, "एकोणतीसला अडखळला, पण येतो असं खोटं सांगितलं नाही. चालेल."

खोटे मात्र मी सांगून बसले होते. शाळांना नुकते संगणक मिळू लागले होते आणि मी शिकवत होते त्या नांदगाव तालुक्यातल्या शाळेचाही नंबर लागायचा होता. त्याआधी तयारी तपासणार: खोली आहे का, वीज आहे का, शिक्षकाला संगणक चालवता येतो का. प्रत्येक प्रश्नापुढे दोनच चौकटी, हो आणि नाही. मी कोर्स केलाय असे हेडमास्तरांना सांगितले होते. तो चौथ्याच दिवशी सोडला होता, हे सांगितले नव्हते. आणि तपासायला आले दाजी.

तपासणीपुरता एक संगणक टायपिंग क्लासमधून मागून आणला होता. शिपाईमामा तो गोधडीत गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर घेऊन आले. "लय जड हाय बाई, पण पोरं सकाळपासून वाट बघत्यात." साडेअकराला वीज आली. पोरे खिडकीच्या गजांना चिकटली. घरी मला छकुली म्हणणारे दाजी कागदावरून वाचू लागले, "बाई, शाळेचं नाव टाइप करा, साठवा, बंद करा, आणि परत उघडून दाखवा." नाव एका बोटाने टाइप झाले, कसेबसे बंदही झाले. परत काही सापडेना. दहा मिनिटे गेली. बोटांचा घाम कळांवर उतरला. हेडमास्तरांना राहवेना. "साहेब, खोली हाय, वीज हाय. एका टिकेचा तर प्रश्न हाय. पोरांकडं बघा." दाजींनी खिडकीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग 'नाही'वर टिक केली.

त्या वर्षी संगणक दुसऱ्या शाळेला गेले. मी दाजींशी बोलणे टाकले. पण पुढच्या रविवारी ते सकाळच्या एसटीने नांदगावला हजर. त्याच टायपिंग क्लासमध्ये मला बसवले, मांडीवर एक वही उघडली आणि शिकवू लागले. वर्षभर एकही रविवार चुकला नाही. मी पुढचे काही विचारले, की वही मिटून म्हणत, "ते पुढच्या रविवारी." मला ती त्यांची शिस्त वाटे. पुढच्या वर्षी दुसरे साहेब आले, मला 'हो' मिळाले, आणि आलेल्या संगणकांपुढे शिपाईमामांनी नारळ फोडला.

दाजी गेल्यावर ताईने ती वही माझ्या हातात दिली. पहिले पान सोडून प्रत्येक पानावर शनिवारची तारीख होती. ताईने सांगितले, नाशिकच्या कुठल्याशा क्लासमध्ये मुलांच्या शेजारी बसून ते शनिवारी शिकत आणि रविवारी मला शिकवत. पहिल्या पानावर आमच्या तपासणीच्या दिवशीची तारीख टाकून स्वतःच्या हाताने प्रश्न लिहिला होता: तपासणाऱ्याला संगणक चालवता येतो का? खाली दोन चौकटी, आणि 'नाही'वर टिक.

मी पेन घेऊन ती टिक खोडायला गेले. खोडवली नाही. दाजींना खाडाखोड अजिबात खपत नसे.